तैलरंगांची शिकवणी

चित्रकला शिकायला निघालेला माणूस, मग तो दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला मुलगा असो की नुकतेच निवृत्त झालेले गृहस्थ, रंगांच्या दुकानात एकाच प्रश्नापाशी अडतो. ऑइल घ्यावे की ॲक्रिलिक? दुकानदार दोन्ही खोकी पुढे ठेवतो, किमती सांगतो आणि गप्प बसतो. त्याचेही बरोबरच आहे. या प्रश्नाचे उत्तर खोक्यावर छापलेले नसते. ते शोधायचे तर हे रंग आपल्यापर्यंत कसे आले, कोणी कोणाला शिकवले आणि कोणी शिकवायचे नाकारले, इथपर्यंत मागे जावे लागते.

नाकारल्याची गोष्ट आधी सांगतो. १८६२ साली किळिमानूरचा चौदा वर्षांचा एक मुलगा मामाबरोबर त्रिवेंद्रमच्या राजवाड्यात आला. तो रविवर्मा. चित्रकलेचे पहिले धडे त्याने मामाकडेच घेतले होते. महाराज आयिल्यम तिरुनाल यांनी त्याला राहायला जागा दिली, दरबारातली चित्रे पाहायची मोकळीक दिली. जलरंगांत त्याचा हात बसला. पण तैलरंग? ते जाणणारे दरबारी चित्रकार होते रामस्वामी नायकर. त्यांनी या मुलाला काही शिकवायला साफ नकार दिला. त्यांचा एक मदतनीस, आरुमुगम पिल्लै, रात्री गुपचूप येऊन जमेल तेवढे दाखवून जाई, असे रविवर्म्याच्या चरित्रांत सांगितले आहे. पुढे १८६८ साली थिओडोर जेन्सन हा युरोपियन चित्रकार महाराजांचे व्यक्तिचित्र करायला आला. शिकवायची त्याचीही तयारी नव्हती. महाराजांच्या शब्दाखातर त्याने एवढेच कबूल केले की आपण काम करत असताना मुलाने बाजूला उभे राहून पाहावे.

रविवर्म्याने पाहिले. पाच वर्षांनी, १८७३ साली, मद्रासच्या प्रदर्शनात त्याच्या तैलचित्राला सुवर्णपदक मिळाले.

ही कथा आपण प्रतिभेची कथा म्हणून सांगतो. मला मात्र त्यात दुसराच प्रश्न दिसतो. लपवण्यासारखे होते तरी काय? रेखाटन लपवता येत नाही, ते चित्रातच दिसते. रंगसंगतीही दिसते. तैलचित्रात जे दिसत नाही ते असते खालच्या थरांत. आधी काय लावले, त्यात तेल किती, टर्पेंटाइन किती, किती दिवस थांबले. पुरे झालेल्या चित्रावरून हे कळत नाही. ते करताना पाहावे लागते. म्हणूनच बाजूला उभे राहण्याची परवानगी ही त्या काळी फार मोठी देणगी होती.

आता हे थरांचे प्रकरण काय आहे ते पाहू. जलरंग सुकतो म्हणजे त्यातले पाणी उडून जाते. तैलरंग तसा सुकत नाही. जवसाचे तेल उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेते आणि हळूहळू घट्ट होऊन त्याचा पापुद्रा बनतो. क्रिकेटच्या बॅटला जवसाचे तेल का लावतात आणि शेंगदाण्याचे का लावत नाहीत, याचे उत्तर यातच आहे. शेंगदाण्याचे किंवा खोबरेल तेल असे घट्ट होत नाही, ते चिकट वा ओशट राहते. जवसाच्या तेलातला रंग हाताला कोरडा लागायला काही दिवस लागतात, आणि आतून पुरता वाळायला महिनेच्या महिने. तोवर थर हालत असतो, किंचित फुगतो, आकसतो. खाली भरपूर तेलाचा थर आणि वर टर्पेंटाइनने पातळ केलेला थर दिला, तर वरचा आधी वाळून ताठ होतो, खालचा हालतच राहतो आणि चित्राला भेगा पडतात. म्हणून नियम असा: खाली तेल कमी, वर तेल जास्त. कॅनव्हासवर रंग लावण्याआधी सरसाचा हात द्यायचा, कारण तेल थेट कापडात उतरले तर कापड कुजते. नायकरांच्या गुपितात याहून फार काही असेल, असे मला वाटत नाही. पण हे कोणी सांगितले नाही तर ते कळायला माणसाची दहा वर्षे आणि पन्नास चित्रे खर्ची पडतात.

तेलात रंग कालवण्याची युक्ती पंधराव्या शतकात यान व्हान आयकने शोधली, असे इटालियन चरित्रकार वासारीने लिहून ठेवले आणि जग ते मानत आले. ते खरे नाही. जवसाच्या तेलात रंग घोटण्याची कृती बाराव्या शतकातल्या थिओफिलसच्या ग्रंथात आहे. आणि अफगाणिस्तानातल्या बामियानच्या गुंफांत, व्हान आयकच्या कित्येक शतके आधीच्या बौद्ध चित्रांत, वाळणारे तेल वापरल्याचे २००८ साली जाहीर झालेल्या तपासणीत दिसून आले. व्हान आयकचे मोठेपण शोधात नाही, त्या माध्यमावर त्याने मिळवलेल्या हुकमतीत आहे.

शिकणाऱ्याच्या दृष्टीने त्याहून मोठी घटना १८४१ सालची. तोवर घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवत. टोचून रंग काढायचा, मग भोक बुजवायचे. लंडनमध्ये राहणाऱ्या जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने त्या वर्षी कथलाच्या दाबता येणाऱ्या ट्यूबचे पेटंट घेतले. रंग घोटायला शागीर्द ठेवण्याची गरज संपली. आणि बोटीत घालून हजारो मैल लांब पाठवता येईल असा तैलरंग तयार झाला.

मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले. इथला शिरस्ता युरोपातल्या अकादमींचा होता. आधी सपाट नमुन्यांवरून रेखाटन, मग ग्रीक पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृतींवरून छायाप्रकाश, मग समोर बसलेला माणूस. रंगांची पाळी नंतर. आज हा क्रम जाचक वाटतो, आणि त्यात जाचक पुष्कळ होतेही. तरी गुपित जाणणाऱ्या उस्तादाच्या मर्जीऐवजी इथे वर्ग होता, इयत्ता होती, परीक्षा होती. शिकवायला नाही म्हणणारा नायकर इथे नव्हता. या शाळेतले दिवस आतून पाहायचे असतील, तर १८९० साली कोल्हापूरहून तिथे शिकायला गेलेल्या आणि पुढे तिथेच शिक्षक झालेल्या रावबहादूर धुरंधरांचे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ जरूर वाचावे.

याच शाळेच्या विद्यार्थ्यांना तैलरंगांचा सगळ्यात मोठा सराव घडला तो अजिंठ्यात. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांच्या तुकड्या लेण्यांत जाऊन राहात आणि भिंतींवरच्या चित्रांच्या प्रतिकृती कॅनव्हासवर तैलरंगांत करीत. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतले ठळक नाव. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी कित्येक वर्षे खपून केलेल्या प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या होत्या. दुर्दैव असे की ग्रिफिथ्स यांच्या संचातल्याही बऱ्याच प्रतिकृती १८८५ साली लंडनमध्येच आगीत जळाल्या.

पण मला खरी हळहळ वाटते ती आगीची नाही, व्हार्निशची. अजिंठ्याची चित्रे तैलरंगांतली नाहीत. मातीच्या गिलाव्यावर पांढरा हात देऊन, तो वाळल्यावर डिंक-सरसासारख्या चिकटद्रव्यात कालवलेले रंग लावलेले आहेत. धुळीखाली झाकलेली चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून ग्रिफिथ्स यांच्या काळात त्यांवर व्हार्निश फिरवण्यात आले. तैलचित्रावर व्हार्निश लावले की रंग उजळतात, हा त्यांचा रोजचा अनुभव. इथे ते पिवळे पडले, काळवंडले. १९२०च्या सुमारास निजाम सरकारने दोन इटालियन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटणारा गिलावा सावरला, हे मोठे काम. पण वरून पुन्हा लाखेचा थर दिला. हे थर उतरवण्यात पुरातत्त्व खात्याची पुढे अनेक दशके गेली. दोन्ही वेळची माणसे आपल्या विषयात मुरलेली होती. एका माध्यमाची सवय त्यांनी दुसऱ्या माध्यमावर चालवली, इतकेच.

कोल्हापूरची गोष्ट वेगळी. आबालाल रहिमान जे. जे.त शिकून परत आले आणि शाहू महाराजांच्या आश्रयाने तिथेच राहिले. रंकाळा, पंचगंगेचा काठ, कोटितीर्थ, हे त्यांचे विषय. त्याच गावात १८९० साली जन्मलेले बाबूराव कृष्णराव मेस्त्री कोणत्याही कलाशाळेत गेले नाहीत. घर कारागिराचे, हत्यारे हातात लहानपणापासून. नात्यातले भाऊ आनंदराव यांच्याबरोबर ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागले आणि ‘पेंटर’ हे आडनाव धंद्यावरूनच चिकटले. लोक त्यांना महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बाबूराव म्हणून ओळखतात, ‘सैरंध्री’ आठवतात. पण सिनेमात येण्याआधी आणि नंतरही ते तैलरंगांत चित्रे करीत होते. शाळेशिवाय हे रंग येत नाहीत, असे म्हणणाऱ्याला कोल्हापूरचा हा पुरावा दाखवावा. मात्र ‘आपोआप येते’ असे म्हणणाऱ्यालाही तोच दाखवावा, कारण वीस-पंचवीस फुटी पडद्यांवर रोज काम करणे ही काही थोडी शिकवणी नव्हे.

मुंबईत दरम्यान तिसरी वाट तयार झाली, खासगी वर्गांची. सावंतवाडीकडचे सा. ल. हळदणकर यांनी १९०८ साली गिरगावात वर्ग काढला. पुढे दंडवतीमठांचे नूतन कलामंदिर निघाले. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांची सोय झाली. १९४०च्या दशकात ऑस्ट्रियातून आलेले वॉल्टर लँगहॅमर यांच्या घरी रविवारी तरुण चित्रकार जमत. रझा त्यांत होते. घरकाम करून पोट भरणारे कृष्णाजी हौळाजी आरा चित्रकार झाले ते बहुतांशी स्वतःच शिकून. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह ग्रुप निघाला तेव्हा त्यात जे. जे.तून काढून टाकलेले सूझा होते, सिनेमाची पोस्टरे रंगवलेले हुसेन होते आणि आराही होते.

अडचण होती ती सामानाची. विलायती रंग महाग, आणि शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांमध्ये तैलरंगाला जागा नाही. त्यामुळे तैलरंग म्हणजे मोठ्यांचे काम, अशी समजूत मराठी घरांत रुजली ती अजून गेलेली नाही. दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईच्या धंद्यात पाऊल टाकले, त्यांच्याच पुढच्या पिढीतल्या सुभाष दांडेकरांनी परदेशात रंगरसायनाचे शिक्षण घेऊन १९६०च्या दशकात चित्रकलेच्या रंगांकडे मोर्चा वळवला. ‘कॅमल’चा उंट घरोघरी पोचला. तैलरंगाची देशी ट्यूब परवडू लागली, याचे श्रेय पुष्कळसे या खटपटीला आहे.

आता ॲक्रिलिक. हा रंग विसाव्या शतकाचा, कारखान्यातला. ज्या कुळातून न फुटणारी पारदर्शक काच निघाली त्याच कुळातली ही राळ. १९४०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये बोकुर आणि गोल्डन यांनी चित्रकारांसाठी पहिला ॲक्रिलिक रंग काढला, पण तो टर्पेंटाइनसारख्या द्रावणात विरघळणारा होता. पाण्यात मिसळणारा रंग १९५५ साली अमेरिकेत ‘लिक्विटेक्स’ या नावाने आला. यात राळेचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडाले की कण एकमेकांना चिकटतात आणि लवचीक, पाण्याने न विरघळणारा पापुद्रा तयार होतो. ओला असताना हा द्रव दुधाळ असतो, वाळला की स्वच्छ होतो. म्हणून ॲक्रिलिकचा रंग वाळल्यावर थोडा गडद दिसतो. नवशिके इथे हमखास फसतात. हॉकनीचे १९६७ सालचे ‘अ बिगर स्प्लॅश’ हे पोहण्याच्या तलावाचे चित्र ॲक्रिलिकमध्ये आहे; तसे सपाट, झगझगीत निळे तैलरंगात काढणे कठीण. आपल्याकडे रझाही तैलरंग सोडून ॲक्रिलिककडे वळले. प्रभाकर बरवे यांनी तर या दोन्हींच्या पलीकडचा, हार्डवेअरच्या दुकानातला इनॅमल रंग कॅनव्हाससाठी निवडला आणि त्याचा गुळगुळीत, अलिप्त पृष्ठभाग आपल्या चित्रांचा स्वभावच करून टाकला.

मग सुरुवात कशाने करावी? माझे मत सरळ आहे. घर लहान असेल, टर्पेंटाइनचा वास घरच्यांना सोसत नसेल, तर ॲक्रिलिक घ्यावे. पण ब्रश वापरून झाल्याबरोबर धुवावेत, एक तास विसरलात तर ब्रश गेला. चेहरे, कातडीचे रंग, मऊ छटा शिकायच्या असतील तर तैलरंगाला पर्याय नाही, कारण तो थांबतो. सकाळी लावलेला रंग संध्याकाळी पुसता येतो. शिकणाऱ्याला इतकी सवलत दुसरे कोणते माध्यम देत नाही, आणि त्यालाच आपण अवघड म्हणून घाबरतो! बारा ट्यूबांचे खोके घेऊ नका. पांढरा आणि बर्न्ट अंबर एवढ्या दोनच रंगांत घरातला तांब्या, कांदा, लिंबू काढा. महिनाभर तेच करा. मग एक पिवळा, एक लाल, एक निळा घ्या.

ॲक्रिलिकच्या थरावर तैलरंग चालतो. वाळलेल्या तैलरंगावर ॲक्रिलिक लावू नये, ते सुटून येते. कॅनव्हास पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवू नये, मागून बुरशी धरते. आणि जवसाचे तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात कधीही टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता धरते आणि चुरगळलेल्या ढिगाऱ्यात ती साचून चिंध्या आपोआप पेटू शकतात. त्या पाण्यात भिजवाव्यात किंवा दोरीवर एकेक सुटी वाळत घालावी.