काकतीची लेक आणि दत्तकाचा कागद

इतिहासाच्या नादाला लागल्यापासून लोक मला अर्धा वकील समजायला लागलेत. खरं तर मी कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग वाचण्यात उमेद घालवलेला माणूस. मोडी शिकलो ती चाळिशीनंतर. पण जुना कागद वाचून घ्यायला येणारा माणूस शेवटी प्रश्न आजचाच विचारतो, हे आता माझ्या अंगवळणी पडलंय.

मागच्या पावसाळ्यात काकतीचे एक वयस्क शेतकरी आले. म्हणाले, "सर, भावाचं पोरगं बारक्यापणीच पदरात घेतलंय. समद्या गावाला ठाव हाय. पण कागुद काय केलेला न्हाई. माझ्यामागं उताऱ्यावर त्येचं नाव लागतंय का?"

मी मनात म्हटलं, काकतीच्या माणसानं हे विचारावं! दोनशे वर्षांपूर्वी याच गावच्या लेकीचं सगळं आयुष्य या एका प्रश्नापायी पणाला लागलं होतं.

राणी चन्नम्मा ही काकतीच्या देसाई घराण्यातली. जन्म १७७८ चा मानतात. कित्तूरच्या मल्लसर्ज देसाईंना ती दिली. मल्लसर्ज १८१६ मध्ये वारले. त्यांच्या मागे गादीवर आलेला, थोरल्या राणीचा मुलगा शिवलिंगरुद्रसर्ज, सप्टेंबर १८२४ मध्ये निपुत्रिक गेला. त्याच्यासाठी शिवलिंगप्पा नावाचा मुलगा दत्तक घेतल्याचं कित्तूरकरांनी धारवाडचा कलेक्टर थॅकरे याला कळवलं. थॅकरेनं ते मानलं नाही. दत्तक खरोखर देसाईंच्या हयातीत झालं का, अशी शंका त्यानं काढली, आणि कंपनीची परवानगी घेतलेली नाही हेही पुढं केलं. खजिन्याला सील ठोकलं. पुढं काय घडलं ते आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. २३ ऑक्टोबर १८२४ ला कित्तूरच्या किल्ल्यापुढं थॅकरे मारला गेला, डिसेंबरात मोठी फौज आली, किल्ला पडला. चन्नम्मा बैलहोंगलच्या कैदेत १८२९ मध्ये वारली. संगोळ्ळी रायण्णा मात्र त्याच दत्तक मुलाच्या नावानं लढत राहिला. १८३१ मध्ये त्याला नंदगडला फाशी दिलं.

'दत्तक वारसा नामंजूर' म्हटलं की आपल्याला डलहौसी आठवतो, सातारा १८४८ आणि झाशी १८५४. कित्तूर त्याच्या चोवीस वर्षं आधीचं. आपल्या मुलखात तर ही यादी पुढंही लांबते. नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांचं दत्तक नाकारलं गेलं, त्यांनी १८५८ मध्ये बंड केलं आणि त्यांना फाशी दिलं ते आपल्या बेळगावात.

इथं एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण इथंच पुष्कळांचा घोळ होतो. कंपनीनं दत्तकाची चालच मोडून काढली असं झालं नाही. साताऱ्याच्या वेळी डलहौसीनंही खाजगी मालमत्तेला दत्तक चालतं हे मान्य केलं होतं, वाद घातला तो राज्यावर. म्हणजे राजाचं दत्तक अडलं, रयतेचं चालू राहिलं. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या कायद्यात, जिथं लेखी कायदा नाही तिथं देशाचा रिवाज बघावा, असं कलमच होतं. बेळगाव त्या इलाख्यात असल्यामुळं आपल्याकडच्या बायकांना याचा मोठा आधार झाला. मद्रासकडं विधवेला दत्तक घ्यायला नवऱ्याची आज्ञा, नाहीतर भाऊबंदांची संमती लागे. आपल्याकडं नवऱ्यानं मनाई केलेली नसेल तर ती स्वतःच्या अधिकारात घेऊ शकत असे. एकत्र कुटुंबात दीर-सासऱ्यांची संमती लागते की नाही, यावर कोर्टांत बरीच वर्षं वाद चालला. शेवटी भीमाबाई विरुद्ध गुरुनाथगौडा या खटल्यात १९३२ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं ती लागत नाही असा निकाल दिला. जो हक्क राणीला वापरू दिला नाही, तो साध्या घरातल्या बाईला शंभर वर्षांनी का होईना, पक्का मिळाला.

आता आजचं. २१ डिसेंबर १९५६ पासून हिंदू दत्तक व निर्वाह कायदा लागू आहे. लिंगायतांनाही तोच लागू, तसं त्यात नाव घेऊन लिहिलंय. मूल साधारणपणे पंधरा वर्षांच्या आतलं आणि बिनलग्नाचं हवं. जुन्या मुंबई इलाख्यात मोठा, लग्न झालेला माणूसही दत्तक जात असे, म्हणून रिवाज सिद्ध केला तर ही अट सुटते. मुलगा घ्यायचा तर आपल्याला मुलगा किंवा नातू हयात नसावा. बायकोची संमती हवी. आणि मुख्य म्हणजे, जन्मदात्यानं मूल दत्तक म्हणून प्रत्यक्ष दिलं पाहिजे आणि घेणाऱ्यानं घेतलं पाहिजे. दत्तहोम केलाच पाहिजे असं नाही. पुतण्याला नुसतं सांभाळणं, शाळेत घालणं, लग्न लावून देणं म्हणजे दत्तक नव्हे.

कागदाची सक्ती कायद्यात नाही. पण देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या सहीचा नोंदणीकृत कागद असेल, तर दत्तक कायदेशीर झालं असंच कोर्ट धरून चालतं. खोटं म्हणणाऱ्यानं ते खोटं पाडून दाखवायचं. कागद नसेल तर सगळा भार दत्तक सांगणाऱ्यावर येतो, आणि तोवर पंगतीला बसलेले साक्षीदार बहुतेक वर गेलेले असतात. आमच्या धंद्यात तारीख-सही नसलेल्या ड्रॉइंगवर कुणी एक भोकसुद्धा पाडत नाही. थॅकरेच्या मनात काळंबेरं होतं हे खरंच. तोफाही त्याच्याच मागं होत्या. पण बोट ठेवायला त्याला जागा मिळाली ती तारखेत आणि परवानगीत.

त्या शेतकऱ्यांना मी दोनच प्रश्न विचारले. पोरगं दिलं तेव्हा दोन्ही घरच्यांनी चार माणसांत 'दत्तक दिलं, घेतलं' असं केलं होतं का? म्हणाले, "व्हय, देवळात. नारळ फोडून." आणि भाऊ?

"हाय की, हिंडतोय अजून."

मग आधी त्याला घेऊन वकिलाकडं जा, म्हटलं. त्या दिवशी जे झालं ते लिहून काढा, दोघांच्या सह्या करा, आणि सब-रजिस्ट्रारकडं नोंदवा. शिवाय आपल्या हिश्श्यापुरतं मृत्युपत्रही करून ठेवा, म्हणजे एक दोर तुटला तरी दुसरा राहतो.

ते उठले. दारात थांबून म्हणाले, "राणीलाबी कुणी येळेवर सांगायला पायजे हुतं." राणीला सांगून तोफा थांबल्या नसत्या, हे मी त्यांना बोललो नाही. त्यांच्या दारात तोफा नाहीत, फक्त भाऊबंद आहेत, आणि त्यांच्यापुढं कागद चालतो.