सात विरुद्ध सहा

24 एप्रिल 1973. दिल्लीचं ऊन बाहेर ठेवून तुम्ही सर्वोच्च न्यायालयात शिरता आणि भिंतीला पाठ टेकून उभे राहता. बसायला जागा मिळेल ही आशा सोडा. समोर तेरा न्यायमूर्ती. एवढं मोठं पीठ याआधी इथे कधी बसलेलं नाही. युक्तिवाद 68 दिवस चालले. सरन्यायाधीश सिक्री उद्या निवृत्त होतायत, तेव्हा निकाल आज लागायलाच हवा.

खटला कासरगोडजवळच्या एडनीर मठाच्या केशवानंद भारतींचा, केरळच्या जमीन सुधारणा कायद्याविरुद्धचा. पण जमीन केव्हाच मागे पडलीय. दोन तृतीयांश मतं हाताशी असली की संसद राज्यघटनेत वाटेल ते बदलू शकते का? उद्या निवडणुकाच रद्द केल्या तर? मठातर्फे नानी पालखीवाला झुंजले, केरळ सरकारतर्फे एच. एम. सीरवई. दोघेही मुंबईचे, दोघेही पारशी!

निकालपत्रं एक नव्हे, अकरा. कोण कुठल्या बाजूला, काही उमगत नाही. अखेर सारांशाचा एक कागद पुढे येतो: संसद कुठलंही कलम दुरुस्त करू शकते, अगदी मूलभूत हक्कांचंसुद्धा, मात्र घटनेची मूलभूत चौकट तिला मोडता येणार नाही. सात विरुद्ध सहा. एकटे न्या. खन्ना पलीकडे गेले असते, तर हा लगाम उरलाच नसता. स्वामींच्या पदरात मात्र फारसं पडलं नाही. केरळच्या कायद्यांना कवच देणारी 29वी घटनादुरुस्ती वैध ठरली.

‘‘चौकट म्हणजे नेमकं काय हो?’’ तुम्ही शेजारच्या वकिलाला विचारता.

‘‘सिक्रींच्या यादीत घटनेचं सर्वोच्च स्थान, लोकशाही प्रजासत्ताक, धर्मनिरपेक्षता, सत्तेची विभागणी, संघराज्य. बाकीच्यांच्या याद्या वेगळ्या.’’

तुम्हाला हे ढिसाळ वाटतं. मला विचाराल तर बरंच झालं. पक्की यादी दिली असती, तर तिच्याबाहेरचं सगळं मोडायला रान मोकळं झालं असतं.

सारांशावर नऊ सह्या आहेत. आपल्या पुण्याचे यशवंत चंद्रचूड अल्पमतात, तरी त्यांनी सही केलीय. ज्या चौघांनी केली नाही, त्यांत अजितनाथ राय आहेत. परवा सरन्यायाधीशपदाची शपथ तेच घेतील. त्यांच्याहून ज्येष्ठ असलेले शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर, तिघेही आजच्या बहुमतातले, डावलले जातील आणि राजीनामे देतील.