फ्रिजमधले नमुने: भारतात एचआयव्ही सापडला त्याची गोष्ट

एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नसेल, तर ही त्याची लिखित आवृत्ती. बसमध्ये, लोकलमध्ये, कुठेही वाचा.

आजची गोष्ट एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाची आहे. साल १९८५ चा शेवट. मद्रास मेडिकल कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकणाऱ्या सेल्लप्पन निर्मला यांना प्रबंधासाठी विषय हवा होता. त्यांच्या प्राध्यापक डॉ. सुनीती सॉलोमन यांनी विषय सुचवला: आपल्या भागात एड्सचा विषाणू आहे का, ते तपास. या सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घरातल्या.

तेव्हा सगळ्यांचं म्हणणं एकच होतं. हा पाश्चात्त्यांचा आजार, आपल्याकडे कुठला? पुण्यात शेकडो नमुने तपासून झाले होते, एकही पॉझिटिव्ह निघाला नव्हता. आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. टेस्ट पास झाली म्हणजे बग नाहीच, असं आमच्याकडे कुणी म्हटलं तर लोक हसतात. कुठे बघितलं, हेही महत्त्वाचं असतं ना!

निर्मला यांनी सरकारी रिमांड होममधल्या स्त्रियांचे नमुने घ्यायचं ठरवलं. वेश्याव्यवसायाच्या आरोपाखाली पकडलेल्या आणि जामिनाचे पैसे नसलेल्या बायका तिथे कोंडलेल्या असत. निर्मलांचे पती त्यांना स्कूटरवरून तिथे सोडायचे. हातमोजेसुद्धा नव्हते. तीनेक महिन्यांत ऐंशीहून जास्त नमुने जमले. ठेवायचे कुठे? घरच्या फ्रिजमध्ये!

फेब्रुवारी १९८६. बर्फाच्या डब्यात नमुने घेऊन नवरा-बायको रात्रीच्या गाडीने निघाले आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पोचले. तिथे एलायझा टेस्ट होणार होती. या टेस्टमध्ये रंग बदलला तर संशय पक्का. दुपारी झाकण उघडलं, तर सहा नमुने पिवळे. पुन्हा नवे नमुने घेतले, खात्रीची तपासणी अमेरिकेत करून आणली. निकाल तोच. भारतात एचआयव्ही होता.

ही गोष्ट इथे संपवून टाळ्या वाजवता आल्या असत्या. पण मला त्यातली दुसरी बाजू जास्त सतावते. आपलं रक्त नेमकं कशासाठी तपासलं जातंय, हे त्या स्त्रियांना सांगितलं गेलं नव्हतं. निर्मला यांनी हे पुढे स्वतःच सांगितलं आहे. तो काळच तसा होता. संमती वगैरे विचारायची रीत नव्हती, आणि कोंडलेली बाई नाही तरी कशी म्हणणार?

न विचारता तपासलं की पुढे काय होऊ शकतं, ते तीन वर्षांनी गोव्यात दिसलं. डॉमिनिक डिसोझा हा तरुण नेमाने रक्तदान करायचा. १९८९ मध्ये पोलिस त्याला घेऊन गेले आणि एका जुन्या टीबी वॉर्डात एकट्याला डांबलं. का, तर रक्तात एचआयव्ही आढळला होता आणि अशा माणसाला वेगळं ठेवायची तरतूद गोव्याच्या कायद्यात होती. आई लुसी डिसोझा हायकोर्टात गेल्या. डॉमिनिक ६४ दिवसांनी बाहेर आला. रक्त द्यायला गेलेला माणूस कैदी होत असेल, तर टेस्ट करायला कोण येईल?

कॉलेजांपर्यंत हा विषय १९९१ मध्ये एनएसएसच्या ‘युनिव्हर्सिटीज टॉक एड्स’ या उपक्रमातून आला. पुढे रेड रिबन क्लब निघाले. आणि २००७ मध्ये? शाळांमधल्या लैंगिक शिक्षणाला विरोध झाला आणि ज्या राज्यांनी तो कार्यक्रम थांबवला, त्यांत आपला महाराष्ट्रही होता. म्हणजे बारावीपर्यंत चूप बसायचं, आणि कॉलेजात आल्यावर एकदम पोस्टर स्पर्धा!

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजातही १ डिसेंबरला पोस्टर लागायची, शर्टाला लाल रिबन टोचली जायची. स्लोगनला बक्षीस मिळायचं. पण टेस्ट कुठे होते, रिपोर्ट कुणाला कळतो, घरी कळवतात का, हे चार वर्षांत एकदाही कुणी सांगितलं नाही. खरं तर पोरांना विचारायचं असतं तेच.

म्हणून इथे सांगतो. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात टेस्ट फुकट होते. आधी आणि नंतर समुपदेशक बोलतो. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार माहिती देऊन संमती घेतल्याशिवाय टेस्ट करता येत नाही, रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो, आणि एचआयव्ही आहे म्हणून कॉलेजातून किंवा नोकरीवरून काढता येत नाही. धोका झाला असं वाटलं तर ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं, डॉक्टर गाठा. संसर्ग टाळायची औषधं असतात. एचआयव्ही असेल तरी २००४ पासून सरकारी केंद्रांत औषधं मोफत मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला होत नाही.

रिमांड होममधल्या त्या बायकांना जे कुणी विचारलं नाही, ते आज तुम्हाला विचारणं कायद्याने बंधनकारक आहे. मधे बत्तीस वर्षं गेली. तेव्हा यंदा १ डिसेंबरला रिबन जरूर लावा, पण नोटीस बोर्डावर जवळच्या आयसीटीसीचा पत्ता आणि १०९७ हा मोफत हेल्पलाइन नंबरही लावा. आणि ही लिंक हॉस्टेलच्या ग्रुपवर टाका. कुणाला गरज आहे, ते आपल्याला कळायची गरज नाही.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.