फडावरचा अपघात आणि कायद्याची यादी

पुणे जिल्ह्यातील नारायणगाव हे तमाशाचे माहेर मानले जाते. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे निरनिराळ्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच जत्रेतील खेळाची सुपारी देण्यासाठी त्या राहुट्यांची पायरी चढतात. गाव आणि फड यांच्यातील हा झाला एक व्यवहार. दुसरा व्यवहार त्याहून आधी, हंगामाच्या तोंडाशी, फडमालक आणि कलावंत यांच्यात झालेला असतो. कलावंत ‘उचल’ घेतो आणि ती फिटेपर्यंत त्या फडाशी बांधला जातो. हे दोन्ही व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः शब्दावर आणि विश्वासावर चालत आले. त्यांत रकमेचा विचार होतो, तारखांचा होतो. पण खेळात कोणी जायबंदी झाल्यास त्याचा भार कोणी उचलावा, हा प्रश्न मात्र त्या व्यवहारांचा ठरीव भाग कधी बनला नाही.

वास्तविक हा धंदा जोखमीचा आहे. खेळ रात्रीचा, मुक्काम रोज नवा. तात्पुरत्या मांडलेल्या फळ्यांवर तासन्‌तास नाचायचे, पहाट होताच कनात, पेट्या आणि माणसे ट्रकमध्ये भरून पुढच्या गावाची वाट धरायची. फळी मोडणे, विजेचा धक्का बसणे, झोपेच्या अमलाखाली प्रवास करताना गाडी उलटणे, असे प्रसंग या जीवनात अनपेक्षित म्हणता येणार नाहीत.

कामावर झालेल्या इजेची भरपाई हा आपल्याकडे तसा जुना हक्क आहे. पूर्वी इंग्रजी न्यायपद्धतीनुसार जखमी मजुराला मालकाची चूक सिद्ध करावी लागे. आणि अपघात सोबत्याच्या हातून घडला असेल तर त्याची मागणी बहुधा फेटाळली जाई. जर्मनीने 1884 साली आणि इंग्लंडने 1897 साली हे तत्त्व मागे टाकले. हिंदुस्थानात 1923 साली कामगार नुकसानभरपाई कायदा संमत झाला आणि 1 जुलै 1924 पासून तो अमलात आला. काम करीत असताना, कामामुळे अपघात झाला, एवढे दाखविले की पुरे. मालकाचा दोष दाखविण्याची गरज उरली नाही. मुंबईच्या गिरणी कामगाराला आणि रेल्वेतील माणसाला या कायद्याने मोठा आधार दिला.

मात्र हा आधार सर्वांसाठी नव्हता. कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते आणि ज्यांचे काम त्या यादीत बसेल त्यांनाच तो लागू होई. यादीत पुढे वेळोवेळी भर पडली. चित्रपट तयार करणारे आणि दाखविणारे तीत आले, सर्कशीत काम करणारे आले, हत्ती आणि हिंस्र पशू सांभाळणारे आले, विष काढण्यासाठी साप हाताळणारेही आले. तमाशा-कलावंताचे नाव मात्र तीत आले नाही. याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. फडाचा ट्रक हाकणारा चालक आणि त्यात सामान चढविणारा हमाल हे यादीतील यंत्रचलित वाहनांच्या कलमात बसतात. त्याच ट्रकमध्ये बसलेली नर्तकी किंवा ढोलकीवाला बसत नाही. गाडीला अपघात झाल्यास मोटार वाहन कायद्याची निराळी वाट असते. पण रंगमंचाची फळी मोडून पाय गेला, तर ती वाटही नाही.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. कलावंत हा कोणाचा नोकर नसतो. तो स्वतंत्र असतो, आज या फडात तर उद्या त्या फडात जातो. या युक्तिवादाची परीक्षा सर्वोच्च न्यायालयात दुसऱ्या धंद्यांच्या बाबतीत झाली आहे. 1956 साली ध्रांगध्रा येथील मिठागरांच्या प्रकरणात प्रश्न निघाला होता. मीठ पिकविणारे आगरिये वजनावर पैसे घेत आणि मदतीला स्वतःची माणसेही लावीत. तरीही औद्योगिक कलह कायद्यापुरते ते कामगारच आहेत, असा निर्णय झाला. 1973 साली कपडे शिवणाऱ्या कारागिरांबाबतही तसेच घडले. ते नगावर पैसे घेत आणि हवे तर दुसऱ्याचेही काम करीत. पण तेवढ्याने त्यांचे नोकरपण नाहीसे होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. उचलीने हंगामभर बांधलेल्या कलावंताचे स्वातंत्र्य त्या शिंप्याहून अधिक होते असे म्हणणे कठीण आहे.

शासनाचे या कलेकडे लक्षच नव्हते असेही नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास, बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, तमाशावर बंदी आली; पुढे ती उठली, पण संहितेची तपासणी मागे राहिली. रंगमंचावर काय बोलावे हे पाहिले जाऊ लागले, रंगमंचाच्या फळ्या कोणी पाहिल्या नाहीत. चित्रपटसृष्टीत 1981 च्या कायद्याने कलावंताशी लेखी करार करणे आवश्यक ठरले. मुंबईच्या नृत्य-बारमध्येही पुढे असाच प्रश्न आला. 2005 साली तेथील नाचावर बंदी आली आणि 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने ती अवैध ठरविली. नंतर 2016 च्या कायद्याखाली नव्या अटी आल्या. त्यांपैकी लेखी करार आणि बँकेतून मोबदला या गोष्टी न्यायालयाने 2019 साली कायम ठेवल्या. मासिक पगाराचे बंधन तेवढे काढले. लेखी करार हा अपघातानंतरच्या हक्काचा पहिला पुरावा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या अटीचे मोल कळते.

विठाबाई नारायणगावकरांची एक हकिकत महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. खेळ चालू असता त्या प्रसूत झाल्या आणि थोड्याच वेळात पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या, असे सांगतात. ही हकिकत आपण कलानिष्ठेचे उदाहरण म्हणून ऐकतो. पण त्या रात्री विश्रांती घेण्याचा हक्क त्यांना होता काय, हे कोणी विचारीत नाही. त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला. तरी 2002 साली त्यांचे निधन झाले ते हलाखीतच. वृद्ध कलावंतांना महाराष्ट्र शासन मानधन देते, ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु मानधन वय झाल्यावर आणि निवड झाल्यावर मिळते. भरपाई ही इजा होताच मागता येणारी गोष्ट आहे.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली आणि 1923 चा कायदा तीत विलीन झाला. नुकसानभरपाईसाठी परिशिष्टातील यादीची पद्धत संहितेनेही ठेवली आहे. मात्र नेहमीच्या मालक-नोकर नात्याबाहेर काम करणाऱ्यांचीही तीत व्याख्या आहे, आणि असंघटित कामगारांसाठी कामावरील इजेच्या योजना आखण्याचा भार राज्य शासनांवर सोपविला आहे. तमाशाच्या बाबतीत या तरतुदीचा उपयोग करून घेणे अवघड नाही. राहुटीत सुपारीची नोंद होते तेथेच फडातील प्रत्येक माणसाचे नाव, त्याची उचल आणि त्याचा अपघात-विमा यांचीही नोंद व्हावी. तेवढे झाले तर मोडलेल्या पायासाठी कलावंताला लोकांपुढे झोळी पसरावी लागणार नाही.