बाप्तिस्म्याविना गेलेलीं बालकें : एका जुन्या वादाचा इतिहास

या महोत्सवाच्या निमित्तानें आमच्या धर्मग्रामाच्या जुन्या नोंदवह्या चाळीत असतां एक गोष्ट आमच्या नजरेस वारंवार आली. कित्येक नांवांपुढें बारीक लॅटिन अक्षरांत अशी टीप आहे कीं, मृत्युसंकट ओढवल्यामुळें सुइणीनें घरींच बाप्तिस्मा दिला. आणि दफनाच्या वहींत तेंच नांव बहुधा त्याच आठवड्यांत पुन्हा येतें. त्या सुइणींस लिहितां वाचतां येत नसे. परंतु बालकाच्या मस्तकावर पाणी ओतून त्रैक्याच्या नांवें उच्चारावयाचे शब्द त्यांस तोंडपाठ असत. १९१७ च्या धर्मविधिसंहितेनें ते त्यांस शिकविण्याची जबाबदारी धर्मगुरूंवर टाकिली होती.

ज्यांच्यापर्यंत तें पाणी पोहोंचलें नाहीं, त्यांचें काय झालें? हा प्रश्न कोणा पंडितानें उकरून काढलेला नव्हे. आमच्या भाविकांपैकीं एका वृद्ध मातेचें पहिलें मूल साठ वर्षांपूर्वीं जन्मतांच वारलें आणि त्या काळच्या नियमाप्रमाणें दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरलें गेलें. "फादर, माझें बाळ कोठें आहे?" असें तिनें आम्हांस विचारलें. तिच्या या प्रश्नामागें सोळाशें वर्षांचा वाद आहे.

इ. स. ४१० मध्यें गॉथांचा राजा अलारिक यानें रोम लुटलें. त्या धामधुमींत पेलाजियस नांवाचा ब्रिटनकडील एक तपस्वी आफ्रिकेच्या किनाऱ्यास लागला व तेथून पॅलेस्टाइनला गेला. मनुष्य आपल्या इच्छाबळानें देवाज्ञा पाळूं शकतो, आदामाच्या पापानें आदामाचेंच काय तें नुकसान झालें, असें त्याच्या पक्षाचें म्हणणें होतें. तसें असेल तर तान्ह्या मुलास पापक्षमेचा बाप्तिस्मा कशाला? या कोंडींतून सुटण्यासाठीं त्या पक्षानें दोन घरें कल्पिलीं : बाप्तिस्मा न झालेल्या बालकास स्वर्गराज्य नाहीं, परंतु सार्वकालिक जीवन आहे. हिप्पोचे बिशप संत ऑगस्टिन यांनीं हें मधलें घर पाडून टाकिलें. नवल हें कीं, पूर्वीं त्यांनीं स्वतःच अशा मधल्या अवस्थेची शक्यता एका ग्रंथांत मान्य केली होती! आतां मात्र ते म्हणूं लागले कीं, प्रभूच्या उजवीकडे आणि डावीकडे अशा दोनच जागा आहेत, तिसरी नाहीं. म्हणून तीं बालकें दंडास पात्र होत, फक्त तो दंड सर्वांत सौम्य. ४१८ च्या कार्थेजच्या धर्मसभेनेंहि मधल्या सुखस्थानाची कल्पना धिक्कारिली. मात्र तें कलम सर्व हस्तलिखितांत आढळत नाहीं.

ऑगस्टिन यांस निष्ठुर म्हणणें हल्लीं फार सोपें झालें आहे. आम्हांस तें पटत नाहीं. तारण ही मनुष्याची कमाई नसून देवाची देणगी आहे, हें ते राखूं पाहत होते. आणि बालकास ख्रिस्ताची गरजच नसेल, तर आया आपलीं आजारी मुलें उराशीं धरून देवळाकडे कां धांवतात, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. परंतु एक्लानमचा बिशप ज्युलियन यानें उलट विचारलें कीं, ज्यानें कांहींच केलें नाहीं अशा अर्भकास शिक्षा करणारा देव न्यायी कसा? याचें समाधानकारक उत्तर ऑगस्टिन यांस सांपडलें असेंहि आम्हांस वाटत नाहीं. ४३० मध्यें वांडलांचा हिप्पोस वेढा पडला असतां ते वारले, तेव्हां ज्युलियनविरुद्धचा त्यांचा शेवटचा ग्रंथ अपुराच होता.

पूर्वेकडील आचार्य इतके कडक नव्हते. अशा बालकांस ना गौरव ना दंड, असें नाझियांझसचे संत ग्रेगरी यांचें मत होतें. पश्चिमेकडेहि कालांतरानें सूर मवाळ झाला. बाराव्या शतकांत आबेलार यांनीं हा दंड म्हणजे केवळ ईश्वरदर्शनास मुकणें असें मानिलें. १२०१ मध्यें पोप तिसरे इनोसंट यांनीं आर्लच्या आर्चबिशपांस लिहिलेल्या पत्रांत आदिपापाचा दंड दर्शनाचा अभाव व स्वकृत पापाचा दंड नरकयातना, असा भेद केला. यांतून 'लिंबो' उदयास आला. या लॅटिन शब्दाचा अर्थ वस्त्राचा कांठ. संत थॉमस अक्वायनस यांच्या मतें तेथील बालकांस दुःख नाहींच, कारण पांखराप्रमाणें उडतां येत नाहीं म्हणून शहाणा मनुष्य शोक करीत नसतो. दृष्टांत सुरेख आहे. पण त्यानें बालकाचें समाधान होतें, आईचें होत नाहीं.

आई काय करी, तें स्वित्झर्लंडमधील ओबरब्यूरेन येथें दिसतें. पंधराव्या शतकांत तेथील मरियामातेच्या तीर्थस्थानीं मृत जन्मलेलीं बालकें दूरदूरहून आणीत. निखाऱ्यांची ऊब देऊन त्यांच्या ओठांवर पीस ठेवीत. तें हललें कीं प्राण आला असें समजून बाप्तिस्मा देत व तेथेंच पुरीत. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत झालेल्या उत्खननांत तेथें सुमारें २५० अर्भकांचे अवशेष मिळाले. अशा प्रकारांचा पुढें पोप चौदावे बेनेडिक्ट यांनीं निषेध केला, आणि तो योग्यच होता. तथापि त्या पिसाकडे टक लावून बसलेल्या माणसांस हंसण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं.

कार्डिनल कायेतान यांनीं सोळाव्या शतकांत सुचविलें कीं, गर्भांतच मरणाऱ्या बालकास आईबापांची इच्छा व प्रार्थना तारूं शकेल. ट्रेंटच्या धर्मसभेंत या मताची चर्चा झाली, निषेध झाला नाहीं. परंतु पोप पांचवे पायस यांनीं तो मजकूर कायेतानच्या ग्रंथाच्या रोममधील आवृत्तींतून काढविला. उलट १७८६ मध्यें पिस्तोइयाच्या सभेनें लिंबो ही पेलाजियसपंथी भाकडकथा ठरविली, तेव्हां १७९४ मध्यें पोप सहावे पायस यांनीं त्या सभेसच दोष दिला. म्हणजे लिंबोवर विश्वास ठेवावाच असा सिद्धांत ख्रिस्तसभेनें कधीं घोषित केला नाहीं, आणि त्याची थट्टाहि चालूं दिली नाहीं. सेमिनरींत हा सर्व विषय आमच्या वर्गास एका तासांत उरकून देण्यांत आला होता!

१९५१ च्या ऑक्टोबरमध्यें पोप बारावे पायस यांनीं इटलींतील सुइणींपुढें बोलतांना तान्ह्या मुलास बाप्तिस्म्यावांचून दुसरा मार्ग दिसत नाहीं असेंच सांगितलें. पुढील बदल मात्र लवकर झाला. १९६९ च्या अंत्यविधीच्या ग्रंथांत बाप्तिस्म्यापूर्वीं वारलेल्या बालकांसाठीं प्रार्थना आल्या. आईबापांनीं बाप्तिस्मा देण्याचें योजिलें असेल, तर बिशपांच्या परवानगीनें अशा बालकाचा अंत्यविधि करण्यास १९८३ च्या संहितेनें मोकळीक दिली. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथानें लिंबोचें नांवहि न घेतां तीं बालकें देवाच्या दयेवर सोंपविलीं. शेवटीं २० एप्रिल २००७ रोजीं, पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या संमतीनें, आंतरराष्ट्रीय ईश्वरविज्ञान आयोगाचा निबंध प्रसिद्ध झाला. त्या बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास भक्कम आधार आहेत, परंतु ही आशा आहे, निश्चित ज्ञान नव्हे. म्हणून बाप्तिस्मा लांबणीवर टाकण्यास ती सबब होऊं नये, असें त्यांत म्हटलें आहे.

ही सर्व हकीकत आम्हीं त्या मातेस सांगितली नाहीं; आशेपुरती सांगितली. मृतांच्या दिनीं वाचण्यासाठीं बाळाचें नांव विचारलें, तेव्हां नांव ठेवलेंच नव्हतें असें ती म्हणाली. त्या वर्षीं २ नोव्हेंबरला मिस्सा आटोपल्यावर आम्ही तिच्याबरोबर कुंपणाबाहेर गेलों. गवत गुडघाभर वाढलेलें होतें. जागा तिनें स्वतःच दाखविली.