क्रूझवरून उतरणे

क्रूझवरून उतरणे, अर्थात डिसएम्बार्केशन, ही पर्यटन जहाजाच्या सफरीच्या अखेरच्या सकाळी पार पाडली जाणारी प्रक्रिया होय. प्रवाशांचे सामान धक्क्यावर उतरवणे, जहाजावरील खात्याचा हिशोब मिटवणे, केबिन रिकाम्या करणे, इमिग्रेशन व सीमाशुल्क तपासणी आणि सर्व प्रवाशांना ठरावीक वेळेत जहाजाबाहेर काढणे या गोष्टी तिच्यात येतात. बहुतेक मोठी जहाजे त्याच दिवशी दुपारी नवे प्रवासी घेऊन पुन्हा निघतात. त्यामुळे जहाजाच्या वेळापत्रकात ही सकाळ पुढील सफरीच्या तयारीत मोजली जाते आणि प्रवाशांना जाचक वाटणारे बहुतेक नियम तेथूनच आलेले आहेत. प्रस्तुत लेखातील वर्णन प्रामुख्याने अमेरिकेतील, त्यातही फ्लोरिडा राज्यातील बंदरांच्या पद्धतीला धरून आहे. जगातील सर्वाधिक गजबजलेल्या क्रूझ बंदरांपैकी मायामी, पोर्ट कॅनाव्हेरल आणि फोर्ट लॉडरडेल येथील पोर्ट एव्हरग्लेड्स ही तिन्ही बंदरे याच राज्यात आहेत.

पार्श्वभूमी

एका बंदरातून निघून काही बेटांना भेट देऊन त्याच बंदरात परतणे हे कॅरिबियन सफरींचे रूढ स्वरूप आहे. त्यामागे कायद्याचेही कारण आहे. अमेरिकेच्या १८८६ सालच्या प्रवासी जलयान सेवा कायद्यानुसार परदेशी नोंदणीच्या जहाजांना अमेरिकेच्या एका बंदरात प्रवासी घेऊन थेट दुसऱ्या अमेरिकी बंदरात उतरवता येत नाही आणि मोठी पर्यटन जहाजे बहुधा बहामाज, पनामा, बर्म्युडा किंवा माल्टा या देशांत नोंदलेली असतात. परिणामी जहाज जेथून निघाले तेथेच, आठवड्याच्या ठरलेल्या वारी, रिकामे होते आणि पुन्हा भरते. या दिवसाला व्यवसायात टर्नअराउंड डे म्हणतात.

जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून सेवेत आलेल्या आयकॉन ऑफ द सीज या जहाजाची प्रवासीक्षमता एका केबिनमध्ये दोघे धरल्यास ५,६१० आणि कमाल ७,६०० आहे. एवढे लोक उतरवून, हजारो केबिन स्वच्छ करून, आठवड्याचे अन्नधान्य चढवून तेवढेच नवे प्रवासी घेण्यास पहाटेपासून संध्याकाळपर्यंतचाच अवधी मिळतो. साधारणतः पहाटे ५ ते ६ च्या सुमारास जहाज धक्क्याला लागते, १० पर्यंत जुने प्रवासी बाहेर पडतात, ११ च्या आसपास नवे आत येऊ लागतात आणि दुपारी ४ ते ५ च्या दरम्यान नांगर उचलला जातो.

आधीच्या सफरीतील प्रवाशांची तपासणी पूर्ण झाल्याशिवाय अमेरिकी बंदरांत नवे प्रवासी चढवता येत नाहीत. जहाजाच्या नोंदीत प्रवाशांची संख्या शून्यावर यावी लागते. लागोपाठ दोन सफरींचे आरक्षण केलेल्यांनाही याच कारणाने काही काळ खाली उतरावे लागते किंवा तपासणीसाठी एकत्र जमावे लागते. केबिनमध्ये झोपून राहिलेला एक प्रवासी संपूर्ण जहाजाचे वेळापत्रक अडवू शकतो. शेवटच्या तासात ध्वनिक्षेपकावरून वारंवार नावे पुकारली जातात ती यासाठीच.

आदली रात्र

उतरण्याची प्रक्रिया आदल्या संध्याकाळीच सुरू होते. प्रवाशांना क्रमांकाच्या किंवा रंगांच्या चिठ्ठ्या दिल्या जातात. त्या सामानाला बांधून बॅगा रात्री १० किंवा ११ पर्यंत केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात. कर्मचारी त्या रात्रभर खालच्या मजल्यावर नेऊन क्रमवार रचतात आणि सकाळी त्या टर्मिनलच्या सामान कक्षात पोहोचतात. चिठ्ठीवरील क्रमांक प्रवाशाचा उतरण्याचा गटही ठरवतो. सकाळचे विमान असलेल्यांना आधीचे क्रमांक मिळतात.

पासपोर्ट, नेहमीची औषधे, किमती वस्तू, मोबाइलचा चार्जर आणि सकाळी घालायचे कपडे व पादत्राणे हातातील पिशवीत ठेवावीत, अशी सूचना प्रत्येक कंपनी देते. ती अनावश्यक वाटली तरी सर्व कपडे बॅगेत भरून बाहेर ठेवणारे आणि सकाळी रात्रीच्या पोशाखातच जागे होणारे प्रवासी हा क्रूझ कर्मचाऱ्यांच्या अनुभवातील कायमचा विषय आहे. औषधांची चूक मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नसते. दाराबाहेर ठेवलेली बॅग पुन्हा थेट टर्मिनलमध्येच हाती येते आणि मधल्या काळात सकाळच्या मात्रेची वेळ टळून गेलेली असते. ज्यांना आपले सर्व सामान स्वतः उचलून नेणे शक्य आहे त्यांना ते केबिनमध्येच ठेवून सकाळी लवकर उतरण्याची मुभा असते.

जहाजावरील खरेदी रोखीने होत नाही. ती प्रवाशाच्या खात्यावर चढते आणि शेवटच्या रात्री नोंदवलेल्या बँक कार्डावर वळती होते. कर्मचाऱ्यांची बक्षिसीही बहुधा दर माणशी, दर दिवसाप्रमाणे याच खात्यात आकारली जाते. कार्डावर आगाऊ रोखून धरलेली रक्कम, विशेषतः डेबिट कार्डाच्या बाबतीत, मोकळी होण्यास काही दिवस लागू शकतात. बिलात चूक आढळल्यास ती आदल्या रात्रीच दाखवून देणे सोयीचे ठरते, कारण सकाळी मदतकक्षापुढची रांग लांब असते आणि जहाज सोडल्यावर तक्रार पत्रव्यवहारानेच करावी लागते.

सकाळचा क्रम

बंदरात शिरण्यापूर्वी स्थानिक पायलट जहाजावर येतो आणि त्याच्या मार्गदर्शनाखाली जहाज धक्क्याला लावले जाते. शासकीय अधिकाऱ्यांनी परवानगी दिल्यावरच उतरण्याचा पूलवजा मार्ग, म्हणजे गँगवे, खुला होतो. प्रथम स्वतः सामान नेणारे आणि नंतर क्रमांकानुसार इतर गट सोडले जातात. न्याहारी या दिवशी लवकर सुरू होऊन लवकर संपते. केबिन साधारणतः ८ च्या सुमारास सोडावी लागते आणि त्यानंतर प्रवासी नाट्यगृह, उपाहारगृह किंवा इतर सार्वजनिक दालनांत आपल्या क्रमांकाची वाट पाहतात. लिफ्टपुढे गर्दी होते. चाकाची खुर्ची लागणाऱ्यांसाठी वेगळी वेळ आणि मदतनीस दिले जातात, मात्र त्याची नोंदणी आधी करावी लागते. बाहेर पडताना जहाजाचे ओळखपत्र यंत्रासमोर शेवटचे धरले की प्रवाशाची नोंद जहाजावरून उतरते.

टर्मिनलमध्ये सामान क्रमांकाच्या फलकांखाली मांडलेले असते. एकसारख्या काळ्या बॅगांमुळे अदलाबदल होते, म्हणून चिठ्ठी वाचून पाहणे आवश्यक ठरते. अमेरिकेच्या अनेक बंदरांत आता पासपोर्ट हाताळण्याऐवजी चेहऱ्याच्या छायाचित्रावरून ओळख पटवली जाते. सीमाशुल्काची नेहमीची सवलत दर माणशी ८०० डॉलरपर्यंतच्या खरेदीवर मिळते. फळे, भाज्या आणि मांस यांवर कडक निर्बंध आहेत. जहाजावरच्या न्याहारीतून उचलून पिशवीत टाकलेले सफरचंद किंवा केळेही या नियमात येते आणि ते हुडकण्यासाठी काही टर्मिनलांत प्रशिक्षित कुत्रे फिरवले जातात. भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्यांच्या दृष्टीने ही सकाळ म्हणजे अमेरिकेत नव्याने प्रवेश असतो. त्यामुळे भारतातून जाणाऱ्या पर्यटकांना सर्वसाधारणपणे एकाहून अधिक वेळा प्रवेशाची मुभा देणारा व्हिसा लागतो.

टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन आणि फ्लोरिडातील टॅम्पा या बंदरांत हिवाळ्यात दाट धुके पडून जलमार्ग बंद होतो आणि उतरणे काही तास, क्वचित त्याहूनही अधिक लांबते. परतीचे विमान दुपारनंतरचे घ्यावे, हा प्रवासी कंपन्यांचा सल्ला अशा अनुभवांवर आधारलेला आहे.

कर्मचाऱ्यांचा दिवस

प्रवाशांना दिसणारी घाई ही प्रत्यक्ष कामाचा लहानसा भाग असते. केबिन सांभाळणारा कर्मचारी आपल्या वाट्याच्या सर्व खोल्यांतील चादरी, टॉवेल आणि कचरा काढून काही तासांत त्या नव्याने सजवतो. त्याच वेळी जहाजाच्या कडेची दारे उघडून अन्न, पेये व सुटे भाग चढवले जातात आणि कचरा उतरवला जातो. जहाज बंदरात असल्याने आरोग्य तपासणीही याच दिवशी येऊ शकते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या तपासणीत १०० पैकी ८५ किंवा त्याहून कमी गुण मिळणे म्हणजे अनुत्तीर्ण होणे होय आणि ही तपासणी पूर्वसूचनेविना होते. कंत्राट संपलेले कर्मचारी याच सकाळी उतरतात आणि त्यांच्या जागी आलेले लगेच कामाला लागतात.

सागरी श्रम करार, २००६ नुसार खलाशांना दर २४ तासांत किमान १० तास आणि ७ दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळणे बंधनकारक आहे. १० तासांचे दोन भाग करता येतात, पण त्यांपैकी एक सलग ६ तासांचा असावा लागतो. रात्री उशिरापर्यंत बॅगा गोळा करून पहाटे पुन्हा कामावर येणाऱ्यांच्या बाबतीत या तरतुदीची खरी कसोटी टर्नअराउंडच्या दिवशीच लागते. भारताने २०१५ मध्ये हा करार स्वीकारला. गोवा आणि मुंबईतील अनेक कुटुंबांची उपजीविका अशा जहाजांवरील नोकऱ्यांवर चालते, त्यामुळे हा विषय महाराष्ट्र व गोव्याला दूरचा नाही.

उतरणे रोखले गेलेले प्रसंग

डायमंड प्रिन्सेस या जहाजाची सफर ४ फेब्रुवारी २०२० रोजी जपानमधील योकोहामा येथे संपायची होती. वाटेत हाँगकाँगला उतरलेल्या एका प्रवाशाला कोरोना विषाणूचा संसर्ग झाल्याचे आढळल्याने जहाज एक दिवस आधीच परतले, पण कोणालाही नेहमीप्रमाणे उतरू दिले गेले नाही आणि ५ फेब्रुवारीपासून १४ दिवसांचे विलगीकरण लागू झाले. जहाजावरील ३,७११ जणांपैकी ७१२ बाधित झाले. प्रवासी केबिनमध्ये असताना त्यांना जेवण पोहोचवण्याचे काम कर्मचारीच करत होते. त्यांत १३२ भारतीय होते. उर्वरित प्रवाशांपैकी बहुतेकांना १९ फेब्रुवारीपासून सोडण्यात आले, तर शेवटचे कर्मचारी व कप्तान १ मार्च रोजी उतरले.

त्यानंतर जगभरातील बंदरे बंद झाल्याने प्रवासी गेले तरी अनेक जहाजांवरील कर्मचारी अडकून पडले. एप्रिल २०२० मध्ये मरेला डिस्कव्हरी जहाजावरील भारतीय कर्मचाऱ्यांना केंद्र सरकारने नवी कार्यपद्धती जाहीर केल्यावर मुंबईत उतरवण्यात आले. त्यांत गोव्यातील खलाशीही होते.

भारतातील स्थिती

मुंबईच्या बॅलार्ड पिअरला युरोपहून येणाऱ्या डाकबोटींचे प्रवासी उतरत असत आणि तेथील मोल स्थानकावरून थेट उत्तरेकडील गाड्या सुटत. कोकण किनाऱ्यावरील आगबोटींवरून उतरण्याची रीत अगदी निराळी होती. अनेक बंदरांत धक्का नसल्याने बोट खोल पाण्यात थांबे आणि प्रवासी सामानासह पडावात उतरून किनारा गाठत. या दोन्ही गोष्टी वाहतुकीच्या होत्या. क्रूझमध्ये चढण्याचे व उतरण्याचे बंदर बहुधा एकच असते.

कॉर्डेलिया क्रूझेसच्या एम्प्रेस या जहाजाने सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप आदी ठिकाणच्या सफरी सुरू केल्या. देशांतर्गत सफरीच्या अखेरीस इमिग्रेशन तपासणी नसल्याने उतरणे तुलनेने सुटसुटीत असते, मात्र सामानाच्या चिठ्ठ्या, केबिन सोडण्याची वेळ आणि खात्याचा हिशोब हे टप्पे तसेच राहतात. सप्टेंबर २०२५ मध्ये बॅलार्ड पिअर येथील मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले.