कोणाला द्यावे : आपटा-पनवेल पट्ट्यातील दानाची रीत

अनोळखी माणसाने दारात येऊन मागितले, तर द्यायचे की नाही, हा प्रश्न कोकणातल्या घराला पूर्वी दर खेपेस नव्याने सोडवावा लागत नसे. मागणाऱ्याचा वेष, त्याची येण्याची वेळ, वार आणि हंगाम यांवरून उत्तर बहुधा आधीच ठरलेले असे. आपटा हे पनवेल तालुक्यातले पाताळगंगेकाठचे गाव. पनवेल बंदराकडून घाटाकडे जाणारी जुनी वाट या मुलखातूनच जात असे. मुंबईहून मचव्याने पनवेलला उतरायचे आणि बोरघाट चढून पुण्याला जायचे, हा रिवाज लोहमार्ग येईपर्यंत चालू होता. १८३० मध्ये घाटातून गाड्यांचा रस्ता झाला आणि वर्दळ वाढली. पुढे १८६३ मध्ये खंडाळ्याच्या घाटातून आगगाडी धावू लागली. ती कर्जतवरून गेल्यामुळे पनवेलची ही वाट बाजूला पडली. वाटेवरच्या गावांना परका माणूस नवा नव्हता. त्याला कुठल्या खान्यात बसवायचे, एवढेच त्यांना पाहावे लागे.

घाटावरच्या गावात हे खाने अगदी पक्के होते. बलुतेदारांना कामाबद्दल खळ्यावर धान्य मिळे. त्यांच्या मागोमाग येणाऱ्या गोंधळी, जोशी, वासुदेव अशा मंडळींचाही कमी-अधिक हक्क मानला जाई. कोकणात खोती होती, वाड्या विखुरलेल्या होत्या, आणि बलुत्याची घडी देशावरच्याइतकी घट्ट कधीच नव्हती. फिरस्ते मात्र इथेही येत. पावसाळाभर त्यांची वाट बंद असे. भात झोडून घरात आले, वाटा सुकल्या, की घाट उतरून येणाऱ्यांचा हंगाम सुरू होई. शेतकऱ्याच्या कणगीत दाणे असण्याचे दिवस आणि मागणाऱ्याचे फिरण्याचे दिवस एकच असत. ज्याच्याकडे काही नाही त्याच्याकडे कोणी मागायला जात नसे.

वासुदेव उजाडायच्या आत येई. डोक्यावर मोरपिसांची उंच टोपी, अंगात पायघोळ अंगरखा, कमरेला शेला, हातात टाळ-चिपळ्या. घरची बाई सुपात तांदूळ घेऊन उंबऱ्याबाहेर येई. तो झोळी पुढे करी, दाणे पडले की स्वतःभोवती गिरकी घेई आणि ते दान कोणकोणत्या देवांना पोचले, त्यांची नावे घेई. देणाऱ्या घरातल्या पूर्वजांचेही नाव त्यात येई. या व्यवहारात नुसते देणे नव्हते. मूठभर तांदळाच्या बदल्यात घराला पहाटेचे देवाचे नाव आणि वाडवडिलांची आठवण मिळत असे, आणि सगळ्या वाडीला ते ऐकू जाई. वासुदेवाला भिकारी म्हटलेले गावालाही रुचले नसते आणि त्यालाही.

बाकीच्यांच्या वेळा आणि खुणा अशाच ठरलेल्या होत्या. मरीआईचा देव्हारा आणि आसूड घेऊन येणारा पोतराज, सजवलेला बैल घेऊन येणारा नंदीवाला, कुडमुडे वाजवीत भविष्य सांगणारा जोशी, मंगळवारी-शुक्रवारी परडी घेऊन जोगवा मागणारी जोगतीण, गुरुवारी उदाचा धूर दुकानादुकानांत फिरवणारा फकीर. काय द्यायचे तेही ठरलेले होते. कोणाला शिजलेले अन्न, कोणाला कोरान्न, कोणाला जुने लुगडे. ब्राह्मण विद्यार्थ्याला माधुकरी, वाटसरू बैराग्याला शिधा. पैसा क्वचित दिला जाई, कारण तो शेतकऱ्याच्या घरातही क्वचितच असे.

नकारालाही रीत होती. दिवेलागणीनंतर घरातून काही बाहेर जाऊ द्यायचे नाही, असे अनेक घरांत पाळत. सुतक असले की ‘सुतक आहे’ एवढे सांगितले तरी पुरे, मागणारा स्वतःच घ्यायला तयार नसे. एरवी ‘माफ कर बाबा, पुढे जा’ हे शब्द. त्यात अपमान नव्हता. तो पुढच्या दारी जाई आणि पुढच्या वर्षी पुन्हा याच दारी येई. ज्या घराने त्याला शिव्या देऊन हाकलले, त्याची अपकीर्ती मात्र तोच पुढच्या गावी नेई. फिरस्त्याच्या हातात एवढे बळ होते, आणि गृहस्थाला त्याची जाणीव होती.

शास्त्राने हा प्रश्न देश, काळ आणि पात्र या तीन कसोट्यांवर घासला. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक, राजस आणि तामस असे दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि ‘सत्पात्री दान’ हा शब्दप्रयोग मराठीत घरोघर रुजला. रामदासांनी मात्र प्रश्न दुसऱ्या टोकाकडून पाहिला. दासबोधाच्या चौदाव्या दशकात भिक्षेवर एक स्वतंत्र समास आहे. मागणाऱ्याने कसे वागावे, हा त्याचा विषय. कोणी पुष्कळ देऊ केले तरी थोडेच घ्यावे, भिक्षेच्या निमित्ताने माणसे पारखावीत, ओळखी वाढवाव्यात, असा त्याचा रोख आहे. देणाऱ्याने पात्र तपासावे हे सगळेच सांगतात. मागणाऱ्यानेही घर तपासावे, हे सांगणारे थोडे.

राज्यकर्त्यांच्या पातळीवर दानाचा सर्वांत मोठा प्रयोग पुण्यात झाला. श्रावणातली दक्षिणा तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केली आणि पुढे ती पेशव्यांकडे आली. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात हजारोंनी ब्राह्मण जमत. त्यांना आवारात घेऊन दारे बंद करीत आणि बाहेर पडताना एकेकाच्या हातावर नाणे ठेवीत, म्हणजे कोणी दोनदा घेऊ नये. विद्वानाची परीक्षा वेगळी आणि रक्कमही मोठी. १८१८ नंतर इंग्रजांच्या वतीने कारभार पाहणाऱ्या एल्फिन्स्टनने हा खर्च एकदम बंद केला नाही. त्यातला काही भाग १८२१ मध्ये पुण्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला. पुढे लोकहितवादींसारख्या सुधारकांनी दक्षिणेचा पैसा मराठी ग्रंथांना द्यावा म्हणून अर्ज केला, आणि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी उभी राहिली. दान तेच, पात्र बदलले. पुण्याच्या सनातनी मंडळींनी त्यावर मोठा गदारोळ केला, तोही साहजिकच होता.

इंग्रजी अंमलाने मागणाऱ्याकडे पाहण्याची नवी दृष्टी आणली. मागणारा काम करू शकतो का, एवढेच तीत विचारले जाई. १८७६-७७ च्या दुष्काळात तिची परीक्षा झाली. धडधाकट माणसाला मदत हवी असेल तर त्याने सरकारी कामावर खडी फोडावी, फुकट अन्न फक्त अपंग आणि म्हाताऱ्यांना, असे धोरण होते. दुष्काळासाठी नेमलेले सरकारी प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी रोजच्या एक पौंड धान्याच्या हिशेबावर उतरवली, तेव्हा मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. पुण्याची सार्वजनिक सभा त्या हालांची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडत होती. ते हाल पाहून पेटलेल्यांत लष्करी हिशेब खात्यातले कारकून वासुदेव बळवंत फडके होते. त्यांचे जन्मगाव शिरढोण पनवेल तालुक्यातच, आपट्यापासून फारसे दूर नाही. शिकलेल्या आणि सुखवस्तू लोकांकडून बंडाला पाठबळ मिळेना, तेव्हा ते रामोशांकडे वळले. मे १८७९ मध्ये त्यांच्या दौलतराव नाईक या साथीदाराने पनवेलजवळच्या पळस्पे आणि चिखली या गावांवर दरोडे घातले. जे मागून मिळाले नाही, ते लुटून घेतले गेले.

याच काळात सरकारला गोऱ्या भिकाऱ्यांचीही लाज वाटत होती. बेकार खलाशी आणि नोकरी सुटलेले शिपाई बाजारात हात पसरतात, याने राज्यकर्त्यांची पत जाते म्हणून १८६९ मध्ये युरोपियन भटक्यांसाठी वेगळा कायदा झाला. १८७४ मध्ये तो नव्याने करण्यात आला. त्यांना कामघरात ठेवायचे, नाहीतर जहाजात बसवून मायदेशी पाठवायचे. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा मात्र एतद्देशीय फिरस्त्यांसाठी होता, आणि त्यात मायदेशी पाठवण्याची सोय अर्थातच नव्हती.

मराठी लेखकांतही ही नवी दृष्टी उतरली. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’त फिरस्त्यांचा आणि भिकार जातींचा हिशेब निर्दयपणे मांडला आहे. कुणब्याच्या खळ्यावर किती हात पुढे येतात आणि त्याच्या पदरात काय उरते, हे त्यांनी दाखवले. हा हिशेब एकतर्फी आहे, पण खोटा नाही. दुसरी बाजू यायला साठ-सत्तर वर्षे लागली. कुडमुडे जोशी समाजातल्या दादासाहेब मोरे यांचे ‘गबाळ’ १९८३ मध्ये आले, तेव्हा दाराच्या बाहेर उभे राहिल्यावर दार कसे दिसते, ते मराठी वाचकाने प्रथम नीट पाहिले.

आपट्याला लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. दिव्याहून पनवेलमार्गे तो १९६० च्या दशकात आपट्यापर्यंत पोचला, १९८६ मध्ये रोह्यापर्यंत गेला, आणि पुढे कोकण रेल्वेला जोडला गेला. (स्थानकाची ओळख बाहेरच्यांना १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’च्या शेवटच्या प्रसंगामुळे आहे. गाडीतून नायकाने पुढे केलेला तो हात मागण्यासाठी नव्हता.) रेल्वेच्या डब्यात आणि मुंबई-गोवा महामार्गाच्या नाक्यावर भेटणारा मागणारा वासुदेवासारखा नसतो. त्याचा वार नसतो, हंगाम नसतो, पुढच्या वर्षी तो त्याच दारी येणार नसतो. पाकीट मारले गेले, गावी जायला भाडे नाही, कामाला आणलेल्या मुकादमाने सोडून दिले, पोर आजारी आहे, अशी त्याची कहाणी असते. ती खरी असू शकते, आणि शंभरदा सांगितलेलीही. तपासायला गाडी थांबत नाही. मागणे धान्याचे नसून पैशाचे असते, आणि पैसा कुठेही वळतो. म्हणूनच पुष्कळ लोक तिकीट काढून देतात किंवा वडापाव घेऊन देतात, रोकड देत नाहीत. कोरान्न आणि शिधा यांचीच ही शहरी आवृत्ती म्हणायची.

कायद्याने हा गुंता सोडवला तो मागण्यालाच गुन्हा ठरवून. मुंबई प्रांतात १९४५ मध्ये भिकाऱ्यांसंबंधी कायदा होता. त्याच्या जागी १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा आला. त्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे किंवा काहीतरी विकायला पुढे करणे अशा कोणत्याही बहाण्याने भीक मागितली, तरी ती भीकच. उदरनिर्वाहाचे दिसण्याजोगे साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणेही त्यातच मोडते. पहिल्यांदा दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात स्थानबद्धता, आणि पुन्हा पुन्हा सापडल्यास ती दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. रेल्वेच्या हद्दीत भीक मागायला १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४४ खाली वेगळी मनाई आहे. वासुदेवाचे गाणे आणि जोश्याचे भविष्य शतकानुशतके मोबदला होते. कायद्याच्या लेखी ते बहाणा झाले. त्याच महाराष्ट्रात सरकारने वासुदेव, गोंधळी, नंदीवाले, जोशी यांना भटक्या जमातींच्या यादीत घालून सवलती दिल्या. एक खाते त्यांना जपते आणि दुसरे पकडते, यातली विसंगती फारशी कोणाला खटकली नाही.

ओळखीची खूण पुसली गेली की काय होते, ते १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात दिसले. मंगळवेढा भागातले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी राईनपाडा गावात आले होते. पोरे पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरलेली होती. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. आजोबांच्या पिढीला डवरी गोसावी वेषावरून कळला असता. इथे तो वेष कोणाच्या उपयोगी पडला नाही.

दुसरी वाट होती ती माणसाऐवजी संस्थेला देण्याची. अंताजी दामोदर काळे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी माणशी एक पैसा गोळा करून पैसाफंड उभारला, आणि त्यातून तळेगावचा काचकारखाना निघाला. गाडगेबाबा स्वतः गाव झाडल्यावरच भाकरी घेत. लोकांकडून आलेला पैसा त्यांनी धर्मशाळांत आणि आंधळ्या-पांगळ्यांच्या अन्नात घातला. पनवेल तालुक्यातच महामार्गावरच्या तारा गावी युसुफ मेहेरअली सेंटर आहे, आणि नेऱ्याजवळ कुष्ठरुग्णांसाठी शांतिवन आहे. कुष्ठरुग्णाला पूर्वी रस्त्यावर बसून मागण्यावाचून गत्यंतर नसे, तिथे त्याच्या हाताला काम देणे हा शांतिवनासारख्या संस्थांचा मोठा बदल होता. संस्थेच्या नावावर फसवणूक होऊ नये म्हणून १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने नोंदणी आणि हिशेब सक्तीचे केले. सार्वजनिक वर्गणीला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, ती त्याच कायद्याखाली. अनोळखी आश्रमाचे पावतीपुस्तक घेऊन आलेल्याला नोंदणी क्रमांक विचारावा. त्यात अपमान काही नाही, पूर्वी लोक वार विचारीत.

गेल्या काही वर्षांत न्यायालये भीक प्रतिबंधक कायद्याकडे कमी सहनशीलतेने पाहू लागली आहेत. दिल्लीला लागू केलेल्या याच मुंबई कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये रद्द केली. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, करोनाच्या काळात रस्त्यावरचे भिकारी हटवावेत ही मागणी मान्य करायला नकार दिला आणि नाइलाज असल्याशिवाय कोणी भीक मागत नाही, या अर्थाचे मत नोंदवले. इंदूरच्या प्रशासनाने उलट टोक गाठले. १ जानेवारी २०२५ पासून तिथे भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवण्याचा आदेश निघाला. १९५९ च्या मुंबई कायद्यात असे कलम नाही. मागणारा आणि त्याला मागायला लावणारा, असे दोघेच त्यात शिक्षेला पात्र आहेत. देणाऱ्याने काय करावे, यावर तो कायदा एक शब्दही बोलत नाही.